उतरते आकडे

प्रिय थोरल्या,

पत्र बघून घाबरू नकोस. घाबरण्यासारखं काहीच नाही असं मी म्हणत नाही, पण लगेच घाबरू नकोस, आधी नीट बसून वाच. फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर मी काय बोलतो ते तुला ठाऊकच आहे. जेवलास का, झोप लागते का, तिकडे थंडी पडली का, आणि मग 'बरं, ठेवतो'. आणि खरं सांगायचं तर फोनवर माझ्या तोंडून निघालेल्या शब्दावर आता माझाच विश्वास राहिलेला नाही. तो का, ते पुढे येईल. अक्षराला हसू नकोस. सातवीनंतर शाळा सुटली, आणि मग जन्मभर मी लिहिलं ते फक्त ट्यूबवरच्या चिठ्ठीवर: नाव, वय, वॉर्ड, तारीख. दोन बोटांच्या जागेत मावेल तेवढंच लिहायची सवय. अख्खं पान समोर आलं की हात गांगरतो.

आज रविवार आहे. सकाळचे साडेनऊ झालेत. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

घरात सगळं जागच्या जागी आहे. तुझ्या आईची खुर्ची खिडकीशी आहे, तिचा चष्मा खिडकीच्या कट्ट्यावर आहे, आणि मी रोज सकाळी तो पुसून परत तिथेच ठेवतो. का, ते विचारू नकोस. बाहेर पडताना गॅसचं बटण तीनदा बघतो, कुलूप दोनदा ओढतो, कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानापर्यंत जातो आणि तिथून मागे फिरून पुन्हा एकदा ओढून बघतो. शिंपी हसतो. म्हणतो, 'काका, तुमच्याकडे चोर आला तर तुम्ही कुलूप किती वेळा ओढता ते बघूनच दमून परत जाईल.' हल्ली संध्याकाळी चपला घट्ट होतात, म्हणून एक नंबर मोठ्या घेतल्या, तर सकाळी त्याच पायातून निसटतात. पायांनी तरी एक काय ते ठरवावं.

धाकटी दर रविवारी येते. अकराच्या सुमाराला दार दोनदा वाजतं आणि लगेच ती स्वतःच्या किल्लीनं उघडते. किल्ली आहे तर वाजवतेस कशाला, असं विचारलं तर म्हणते, 'तुम्ही दचकू नये म्हणून. तुम्हाला दचकायला कारण लागत नाही, त्यात माझी भर नको.' मग डबे भरते, आठवड्याच्या गोळ्या त्या सात खणांच्या डबीत लावते, माझी नखं कापते, आणि सगळा वेळ मला रागावत असते. ते रागावणं कानाला बरं वाटतं. जगातल्या सगळ्यांबद्दल बोलते, फक्त तुझं नाव काढत नाही. मागे एकदा मी धीर करून म्हटलं, थोरल्याचा फोन आला होता. ती ओट्यावरचं फडकं पिळत होती. म्हणाली, 'हो का? आता मिळाला वाटतं त्याला वेळ.' पाणी संपलं तरी पिळतच राहिली. चौदा महिने झाले याला.

तुला आठवतं का, तिला लहानपणी टायफॉइड झाला होता तेव्हा रक्त काढायला ती कुणाला हात लावू देईना. सगळा मजला डोक्यावर घेतला होता. मग तू बाही वर केलीस आणि म्हणालास, आधी माझं काढा. टेक्निशियन नुसतं टोचल्यासारखं करणार होता, पण ही डोळे वटारून बघत होती, म्हणून खरंच काढावं लागलं. तू ओठ चावलास पण हूं की चूं केलं नाहीस. तेव्हा कुठे तिनं हात पुढे केला. आता तुझ्या त्या ट्यूबचं करायचं काय? रक्त फुकट घालवायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून मी तुझी लिव्हरची तपासणी लावून दिली. एसजीपीटी अठरा. तो कागद मी अजून ठेवलाय, पेटीत, तुझ्या जन्मदाखल्याबरोबर.

लॅबमध्ये मी एकतीस वर्षं काढली. हुद्दा शिपायाचा, काम हमालाचं आणि ऐट डॉक्टरची, असं तुझी आई म्हणायची. वॉर्डावॉर्डातून ट्रे घेऊन फिरायचं, ट्यूब गोळा करायच्या, रक्त गोठू द्यायचं, मशीनमध्ये घालून फिरवायचं, वर येणारं पिवळं पाणी, म्हणजे सीरम, अलगद वेगळं काढून द्यायचं. आमच्या खोलीत दोन टेबलं होती. आमचं दाराजवळचं: लिव्हर, किडनी, साखर. ट्यूबला लाल झाकण. दुसरं खिडकीजवळचं: रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारं. ट्यूबला निळं झाकण. ट्रेमध्ये निळं झाकण दिसलं की न बघता पलीकडे सरकवायचं. 'ते आपलं नव्हे', असं आम्ही म्हणायचो. एकतीस वर्षं माझ्या हातानं निळं झाकण न बघता पलीकडे सरकवलं. हे लक्षात ठेव.

पहिल्याच वर्षी मी एक घोटाळा केला होता. उशीर झाला म्हणून ट्रे घेऊन जिन्यावरून पळत आलो. ट्यूब खडखडल्या. मशीनमधून काढल्या तर तीन ट्यूबमधलं पाणी पिवळ्याऐवजी गुलाबी. तसंच दिलं पुढे. तिघांचाही एसजीओटी भलताच वर आला. आमचे मोठे टेक्निशियन होते, त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. त्यांनी एक ट्यूब उजेडात धरली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'पळालास ना? रक्त म्हणजे पाहुणा असतो बाबा, पोतं नव्हे. असा आपटत आणलास तर तो खोटं बोलणारच.' मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि तो आकडा म्हणजे नेमकं काय ते सांगितलं. म्हणाले, 'लिव्हर म्हणजे एक गाव समज. त्यात लाखो घरं. प्रत्येक घरात भांडी असतात, ती घरातच शोभतात. ही एसजीपीटी, एसजीओटी म्हणजे ती भांडी. घर फुटलं की भांडी रस्त्यावर येतात. रस्ता म्हणजे रक्त. आपण लिव्हर बघत नाही, आपण रस्त्यावरची भांडी मोजतो. चार-दोन भांडी कुठेही पडलेली असतात, चाळीसपर्यंत काही नाही. हजारानं मोजायला लागली, तर समजायचं गावात काहीतरी भयंकर झालंय.'

मला ते इतकं पटलं की मी ते जन्मभर मिरवलं. गल्लीतले लोक रिपोर्ट घेऊन माझ्याकडे यायचे. मी चष्मा चढवायचो, बोट फिरवत एसजीपीटीच्या ओळीवर यायचो आणि निकाल द्यायचो. 'चाळीसच्या आत आहे. जा, निवांत झोप.' किंवा, 'मागच्या वेळी दोनशे होता, आता नव्वद. उतरतोय.' आणि लोक खरंच निवांत झोपायचे. वॉर्डातल्या नर्सनी माझं नाव 'अर्धे डॉक्टर' ठेवलं होतं. 'आले बघा अर्धे डॉक्टर, आता राउंड सुरू करा.' ती चेष्टा आहे हे मला कळायचं, तरी छाती फुगायची. तुझी आई मात्र तोंडावर म्हणायची, 'अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालात.' मी म्हणायचो, तू पिवळी झालीस की माझ्याकडेच येशील. असं बोललो होतो मी. एकदा नव्हे, कितीदा तरी.

आणि ती पिवळी झाली. कशानं, ते नक्की कुणालाच सांगता आलं नाही. गुडघ्यांसाठी, अंगदुखीसाठी, सर्दीसाठी अशा तीन नावांच्या गोळ्या ती महिनाभर घेत होती आणि तिन्हींच्या पोटात औषध एकच होतं, म्हणजे डोस तिप्पट जात होता, असं नंतर निघालं. डॉक्टर म्हणाल्या, त्यानं असेल, किंवा नुसती साथीची कावीळही असेल. ते जाऊ दे. सोमवारी तिला भरती केलं आणि पहिला रिपोर्ट आला. एसजीपीटी तीन हजार आठशे चाळीस. मी एकतीस वर्षांत एवढा आकडा पाच-सहादाच बघितला असेल. गाव जळत होतं आणि मला ते रस्त्यावरून दिसत होतं.

बुधवारी दुसरा रिपोर्ट आला. दोन हजार शंभर. थोरल्या, माझ्या जिवाला त्या क्षणी काय वाटलं ते तुला कसं सांगू? दोन दिवसांत जवळजवळ निम्मा! मी छोट्या डायरीत तो आकडा लिहिला, त्याखाली रेघ मारली आणि व्हरांड्यातच डोळे पुसले. संध्याकाळी तुझा फोन आला. तू म्हणालास, 'मी निघतो, तिकीट बघतोय.' दोन दिवसांचा प्रवास. नऊ महिने घरी बसल्यावर तुला ती नोकरी लागली होती, लागून तीनच आठवडे झाले होते, आणि पहिले तीन महिने सुट्टी मागायची नाही असं तूच मला सांगितलं होतंस. त्या नऊ महिन्यांत तू फोनवर कसा बोलायचास ते माझ्या कानात होतं. एकेक शब्द जणू उसना आणल्यासारखा. मी म्हटलं, 'येऊ नकोस. आकडे उतरतायत.' तू विचारलंस, 'नक्की ना, बाबा?' मी म्हटलं, 'अरे, एकतीस वर्षं दुसरं केलं काय मी? अर्धा डॉक्टर उगाच म्हणत नाहीत.' तू हसलास. किती दिवसांनी हसलास. मला वाटलं, बापाला याहून जास्त काय करता येतं?

शुक्रवारी एक हजार चाळीस. रविवारी पाचशे दहा. पुढच्या मंगळवारी दोनशे तीस. दर दोन दिवसांनी निम्मा, जणू कुणी कात्रीनं नेमका मधोमध कापतंय. प्रत्येक वेळी तुला फोनवर सांगितलं, आणि प्रत्येक वेळी तुझा सुस्कारा ऐकला. दोनशे तीस! असल्या आकड्यावर मी गल्लीतल्या लोकांना घरी पाठवलंय. बुधवारी सकाळी पावणेअकराला ती गेली. माझ्या खिशात दोनशे तीसचा कागद होता, चार घड्या घातलेला.

तू गुरुवारी निघालास आणि शनिवारी पोचलास. तोवर सगळं आटोपलं होतं. तू दारात उभा, हातात बॅग, आणि धाकटी आतून आली. काय बोलली ते तुला आठवत असणारच, पण मला लिहायचंय. ती म्हणाली, 'आलास? आता कशाला आलास? आई रोज विचारत होती. बाबांनी तीन-तीनदा निरोप दिला तरी तुला सुट्टी मिळेना. आता कशी मिळाली?' तू एकदम माझ्याकडे बघितलंस. मी वर ट्यूबलाइटकडे बघत होतो. ती लुकलुकत होती आणि मी असा बघत होतो जसं काही ती दुरुस्त करणं हेच घरातलं पहिलं काम आहे. तू एक शब्द बोलला नाहीस. 'बाबांनीच येऊ नको म्हटलं,' एवढं म्हणायला काय लागत होतं? चार शब्द. तू बॅग उचललीस, जाऊन आईच्या खुर्चीत बसलास, तिथेच दोन दिवस काढलेस आणि परत गेलास. पुन्हा एकदा बाही वर केलीस, आधी माझं काढा म्हणालास. आणि मी काढू दिलं.

अकरा वाजून दहा मिनिटं झाली. दार वाजलेलं नाही. कधीकधी उशीर होतो तिला.

तू गप्प राहिलास त्याचं कारण मला माहीत आहे. तुला वाटलं, म्हातारा भोळा आहे, आकडे बघून फसला, बायको गेली, आता त्याला मुलीसमोर आणखी उघडं कशाला पाडायचं? तू मला सांभाळून घेतलंस. चौदा महिने तुझ्या या समजुतीवर मी जगतोय, ऊब घेऊन बसतोय तिची. पण थोरल्या, मी फसलो नव्हतो. म्हणजे फसलो होतो, पण तू समजतोस तसा नव्हे.

त्याच पहिल्या बुधवारी दुपारी, तुझा फोन यायच्या चार तास आधी, डॉक्टरबाईंनी मला व्हरांड्यात गाठलं होतं. तरुण मुलगी, आपल्या धाकटीएवढी, केसांना पेन खोचलेलं. मी तिला डायरी दाखवली. तिनं डायरी बघितलीसुद्धा. मग म्हणाली, 'काका, एसजीपीटी उतरणं म्हणजे बरं होणं नव्हे. कावीळ वाढतेय, आणि रक्त गोठायचा वेळ बघा, सोमवारपेक्षा दुप्पट झालाय. लिव्हर काम थांबवतंय. मुलांना बोलवून घ्या.' अगदी हेच शब्द. मुलांना बोलवून घ्या. आणि तिनं दुसरा कागद पुढे केला, निळ्या झाकणाच्या ट्यूबचा. मी तो हातात घेतला, न बघता घडी घातली आणि खालच्या खिशात सरकवला. ते आपलं नव्हे. वर तिला काय म्हणालो माहीत आहे? 'बाई, तुम्ही शाळेत जायच्या आधीपासून मी एसजीपीटी बघतोय.' ती रागावली नाही. नुसती उभी राहिली जरा वेळ. तिचं ते उभं राहणं मला रोज दिसतं.

मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मला ऐकू आलं होतं. मला फक्त तो आकडा हवा होता जो मला वाचता येत होता आणि जो माझ्या बाजूनं होता. मुलांना बोलवा म्हणजे काय, हे एकतीस वर्षं हॉस्पिटलात काढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तुला 'ये' म्हटलं असतं तर ते खरं झालं असतं. 'येऊ नकोस' म्हणत राहिलो, तोवर ती बरी होत होती.

मग त्या एका दिवसात मी तिघांशी खोटं बोललो. तुला म्हटलं, येऊ नकोस. धाकटीनं विचारलं, दादाला कळवलंत का? डॉक्टर काय म्हणाल्या ते तिला सांगायचं नव्हतं, आणि तू का येत नाहीस याचं दुसरं कारणही सुचेना, म्हणून म्हटलं, कळवलं, पण त्याला सुट्टी मिळत नाही. एकदा बोललो, मग तेच धरून ठेवावं लागलं. दर वेळी ती विचारायची, दर वेळी मी तुला थोडा थोडा वाईट करायचो. आणि तुझ्या आईला म्हटलं, येतोय तो, वाटेत आहे.

शुक्रवारपर्यंत ती बोलत होती. हे मला लिहायचं नव्हतं पण हे लिहिल्याशिवाय बाकीचं लिहून उपयोग नाही. बोलणं जरा भरकटायचं, चादरीची घडी घालत बसायची, घातलेली घडी मोडून परत घालायची. पण शुक्रवारी सकाळी डोळे स्वच्छ होते. म्हणाली, 'थोरला वाटेत आहे म्हणालात ना? त्याला सांगा, घरी खुर्चीवर माझी शाल आहे ती आण, ती पांघरून बसव म्हणावं मला. बसल्यावरच भेटेन. पडून भेटले तर तो घाबरेल. तुमच्यावर गेलाय.' आणि हसली. मग दुपारपासून ती कुणालाच ओळखेनाशी झाली. रविवारी मी धाकटीला मोठ्या आनंदानं डायरी दाखवली, पाचशे दहा. ती म्हणाली, 'मग आई मला ओळखत का नाही, बाबा?' मी म्हटलं, औषधाची गुंगी आहे.

त्या पहिल्या बुधवारी रात्रीच निघाला असतास तर शुक्रवारी पोचला असतास. सकाळी पोचणारी गाडी मिळाली असती तर ती शुद्धीत असताना. तू आलास म्हणून ती वाचली नसती, डॉक्टरबाईंनी तसं स्पष्ट सांगितलंय. पण ती शाल घेऊन बसली असती. तेवढं मी तुझ्याकडून काढून घेतलं. तुझ्याकडून आणि तिच्याकडूनही.

मध्ये एकदा मास्तरांकडे गेलो होतो. ते आता नव्वदीचे आहेत, दिसत नाही नीट, पण डोकं अजून तसंच. त्यांना सगळे आकडे ओळीनं वाचून दाखवले. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, 'निळी ट्यूब बघितली नाहीस?' मी म्हटलं, ते आपलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, 'तुला मी अर्धीच गोष्ट सांगितली त्या दिवशी. चूक माझी. भांडी रस्त्यावर कधी येतात? फुटायला घरं शिल्लक असतील तर. सगळं गाव पडून गेलं की नवीन भांडी येणार कुठून? जुनी वाहून जातात, रस्ता मोकळा होतो. मोकळा रस्ता बघून तू म्हणालास, शांत झालं. झालं होतंच शांत.' मी घरी येताना तीन वेळा रस्ता चुकलो. आपल्याच गल्लीत.

दोन वाजलेत. दार वाजलेलं नाही, आणि आता वाजेल असं वाटत नाही. कारण तुला सांगतो. धाकटीलाही मी लिहिलं. तिचं पत्र लहान आहे, अकरा ओळींचं. डॉक्टर काय म्हणाल्या होत्या, मी तुला काय सांगितलं, तिला काय सांगितलं, आणि तुझा काही दोष नाही, तू फक्त गप्प राहिलास. शुक्रवारी शिंप्याच्या हाती दिलं. त्यानं तिच्या हातातच नेऊन दिलं. म्हणाला, दारातच उघडून वाचलं, आणि 'बरं' म्हणून दार लावून घेतलं. उशिरा का होईना येईल, असं मनाला सांगत मी सकाळपासून हे लिहीत बसलो. गोळ्यांची डबी रिकामी आहे, सातही खण. मला कुठली गोळी कुठल्या खणात ते येत नाही असं नाही, पण आज लावत नाही.

हे सगळं आत्ता का, असं तुला वाटेल. चौदा महिने तोंड शिवून बसलेला म्हातारा एकदम का बोलायला लागला? पश्चात्ताप झाला म्हणून, असं लिहायला आवडलं असतं, पण पश्चात्ताप पहिल्या दिवसापासून होता आणि त्यानं काही केलं नाही. मागच्या आठवड्यात पायांची सूज पोटापर्यंत आली म्हणून मी त्याच हॉस्पिटलात गेलो. जन्मात दारूचा थेंब नाही, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, साखरेनं आणि चरबीनं होतं असं, वर्षानुवर्षं, आवाज न करता. लिव्हर आकसून दगड झालंय. त्याच बाई, केसांना तेच पेन. त्यांनी मला ओळखलं. रिपोर्ट पुढे केला आणि मी वाचायची वाट बघत राहिल्या. सवयीनं बोट त्याच ओळीवर गेलं. एसजीपीटी अठ्ठावीस. चाळीसच्या आत. गल्लीतल्या कुणाचा असता तर म्हटलं असतं, जा, निवांत झोप. मग मी दुसरा कागद मागून घेतला, निळ्या झाकणाचा, आणि तो वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, हळूहळू, कळेल तेवढा. बाई म्हणाल्या, 'काका, मुलांना बोलवून घ्या.' मी या वेळी उलट बोललो नाही. तेव्हा मी तुला बोलावतोय. माझ्यासाठी ये असं म्हणायचा हक्क मला नाही, पण आधी धाकटीच्या दारात जा. माझ्यानंतर तुम्ही दोघं एकमेकांशी न बोलता एका खोलीत उभे राहाल, ते मला सहन होत नाही. शाल खुर्चीवरच आहे. आकडे चांगले आहेत, थोरल्या. तरी ये.

तुझाच, अजून तसं लिहू देणार असशील तर,
बाबा